आधी दोऱ्या, मग कापड

खिशात नीट गुंडाळून ठेवलेले इअरफोन तासाभरानं बाहेर काढले की त्यांची गाठ झालेली असते. वायर एकच, लांबी जेमतेम चार फूट, आणि मधल्या वेळात तिला कोणी हातही लावलेला नसतो. मग पॅराशूटचं काय? शाळेच्या दप्तराएवढ्या सॅकमध्ये दहा बाय पंधराची खोली झाकेल एवढं कापड आणि सुमारे तीन-तीन मीटरच्या कितीतरी दोऱ्या दाबून बसवलेल्या असतात. वेळ आली की सगळं काही सेकंदांत बाहेर येतं. गुंता कसा होत नाही?

खरं उत्तर असं, की कधीकधी होतो. अंगात विंगसूट, म्हणजे कापडी पंखांचा अंगरखा, असेल तर जरा जास्तच वेळा होतो. तो होऊ नये म्हणून सॅकच्या आत आणखी एक छोटी पिशवी असते. तिचं पूर्ण नाव डिप्लॉयमेंट बॅग, पण उड्या मारणारे तिला नुसतं डी-बॅग म्हणतात. शेजारी ठेवली तर डब्याची पिशवी म्हणून खपून जाईल. ही पिशवी कशी निवडायची, यावर विंगसूटवाल्यांचे वाद संपत नाहीत. ते वाद कळायचे असतील तर आधी ती काय काम करते ते पाहायला हवं.

पिशवीच्या आत पिशवी

पाठीवरच्या सॅकला कंटेनर म्हणतात. तिच्या तळाशी, कंबरेच्या उजव्या बाजूला एका खिशात हातरुमालाच्या घडीसारखं काहीतरी खोचलेलं असतं. ते पायलट शूट, म्हणजे छोटं पॅराशूट. ते हातानं ओढून बाजूला वाऱ्यात फेकायचं. ही युक्ती अमेरिकेतल्या बिल बूथ यांची, 1970 च्या दशकातली. पायलट शूटमध्ये हवा भरते आणि त्याच्या मागे बांधलेली लांब पट्टी, म्हणजे ब्रायडल, ताणली जाते. पट्टीवर एक वाकडी पिन असते. ती पिन दोरीच्या एका फासातून सुटली की कंटेनरच्या पाकळ्या उघडतात आणि डी-बॅग बाहेर खेचली जाते.

आता पिशवी हवेत आहे, पण बंद आहे. पॅराशूटचं मुख्य कापड, म्हणजे कॅनॉपी, तिच्या पोटात घडी घालून बसलंय. दोऱ्या पिशवीच्या बाहेरच्या अंगाला रबर बँडमध्ये अडकवलेल्या आहेत, आणि त्यातल्या शेवटच्या दोन-तीन अडकवण्या पिशवीचं तोंड बंद ठेवतात. पिशवी दूर जाते तशा दोऱ्या एकेक करून सुटत जातात. सगळ्या सुटून ताणल्या गेल्या की अगदी शेवटी तोंड उघडतं आणि कापड बाहेर येतं.

क्रम हाच का? गुराख्याला विचारा. दाव्याला बांधलेली गाय पळत सुटली आणि दावं एकदम ताणलं, तर तिच्या मानेला बसणारा हिसका वाईट असतो. दावं आधीच ताणलेलं असेल तर ती जागच्या जागी थांबते. पॅराशूटचंही तसंच. दोऱ्या सैल असताना कापड फुगलं, तर ते जागीच अडतं आणि माणूस मात्र त्याच वेगानं पुढे जात राहतो. मग दोऱ्या संपतात आणि हिसका बसतो. या हिसक्यानं कापड फाटतं, माणसाच्या मानेला इजाही होते. म्हणून आधी दोऱ्या, मग कापड. डी-बॅग सामान भरायची पिशवी दिसत असली, तरी तिचं खरं काम सोडण्याचं आहे, आणि तेही ठरलेल्या क्रमानं.

एसटीची मागची काच

विंगसूट म्हणजे हात आणि धड यांच्यामध्ये, शिवाय दोन्ही पायांमध्ये कापडी पंख असलेला अंगरखा. पंखांना समोरून फटी असतात. त्यातून हवा शिरली की पंख उशीसारखे फुगून ताठ होतात. उडणारी खार पाय पसरून तरंगते, तसाच माणूस तरंगू लागतो. (आपलं शेकरू नव्हे. ते नुसतं लांब उडी मारतं, त्याला पडदा नसतो.)

आता कच्च्या रस्त्यावरची एसटी डोळ्यांसमोर आणा. धूळ समोरून उडते, पण सगळ्यात मळते ती मागची काच. गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते. पुढे फाटलेली हवा तिथे घुसून उलटी फिरते आणि धूळ आत ओढून आणते. हवेत पडणाऱ्या माणसाच्या पाठीवरही अशीच घुसळण असते. तिला बर्बल म्हणतात. साध्या उडीत ती पाठीएवढी असते. विंगसूटमध्ये पंखांमुळे अंगाची रुंदी वाढते, त्यामुळे बर्बलही पसरतो. शिवाय पायांमधल्या पंखामागेही एक घुसळण असते, ती वेगळीच.

पायलट शूट या घुसळणीत अडकलं तर एसटीमागच्या कागदासारखं तिथेच गिरक्या घेत बसतं. म्हणून विंगसूटवाले ब्रायडल लांब ठेवतात, अगदी नऊ फुटांच्या आसपासही. लांब पट्टीच्या टोकाला पायलट शूट स्वच्छ वाऱ्यात पोचतं. तेही जरा मोठं घेतात.

वाचकांपैकी कोणाला पुण्याच्या शीतल महाजन यांची 2018 मधली थायलंडमधली नऊवारी नेसून मारलेली उडी आठवेल. ती विंगसूटची उडी नव्हती, पण अंगावर जास्तीचं कापड घेऊन विमानातून बाहेर पडायचं म्हणजे किती तयारी लागत असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

आठ, पंधरा, सतरा

आता थोडं गणित. घाबरू नका, शाळेतलंच आहे.

साधी उडी मारणारा पोटावर आडवा पडतो आणि ताशी सुमारे 190 किलोमीटर वेगानं सरळ खाली येतो. वारा खालून येतो आणि पोटावर काटकोनात आदळतो. पायलट शूट पाठीच्या बरोब्बर वर जातं आणि डी-बॅगही विहिरीतून बादली काढावी तशी सरळ वर उचलली जाते.

विंगसूटवाला समजा ताशी 80 किलोमीटरनं खाली येतोय आणि ताशी 150 किलोमीटरनं पुढे जातोय. खरा वेग किती? 80 चा वर्ग 6,400. 150 चा वर्ग 22,500. बेरीज 28,900, वर्गमूळ 170. (आकडे मी मुद्दाम निवडलेत, आठ-पंधरा-सतराचा त्रिकोण पाठ असतो म्हणून.) म्हणजे एकूण वेग साध्या उडीपेक्षा फार कमी नाही. बदलली आहे ती दिशा. वारा आता खालून येत नाही, समोरून येतो, आडव्या रेषेच्या फक्त 28 अंश खालून. त्यामुळे पायलट शूट डोक्यावर न जाता मागे, पायांच्या दिशेनं जातं.

सगळी गडबड इथून सुरू होते. बादली आता विहिरीतून सरळ वर येत नाही, काठावर घासत तिरकी ओढली जाते. डी-बॅग कंटेनरच्या खालच्या कडेवरून फरपटत निघते. एका कोपऱ्याला क्षणभर अडली की दुसरा कोपरा पुढे सुटतो आणि पिशवी फिरते.

दुसरी गोष्ट जोराची. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. एखादं पायलट शूट ताशी 190 ला 50 किलोच्या वजनाएवढ्या जोरानं ओढतंय असं धरू. काही जण उघडण्याआधी विंगसूटनं वेग बराच उतरवतात. तो 120 वर आला, तर 120 भागिले 190 चा वर्ग 0.4. ओढ उरली 20 किलो. त्यातली निम्मी बर्बलनं खाल्ली तर 10. रबर बँड मात्र वेग कमी म्हणून सवलत देत नाही. पिशवीच्या तोंडावरची अडकवणी साधारण साडेतीन ते साडेपाच किलोच्या ओढीनं सुटावी असं सांगतात. दोन घट्ट अडकवण्या म्हणजे दहा किलो आलेच. वेग असताना जी पिशवी बिनबोभाट उघडते, तीच वेग उतरवल्यावर का अडखळते, ते या हिशेबात दिसतं.

पिळलेला झोपाळा

बागेतल्या झोपाळ्यावर बसून पोरं गरगर फिरतात, साखळ्या एकमेकींवर पिळतात आणि पाय उचलले की झोपाळा उलटा फिरत सुटतो. पॅराशूट वर, माणूस खाली आणि मधल्या दोऱ्यांना असा पीळ बसला, तर त्याला लाईन ट्विस्ट म्हणतात. विंगसूटमधला हा सर्वांत ओळखीचा त्रास. पिशवी फिरत बाहेर आली, किंवा पायलट शूट फेकताना माणसाचा एक खांदा खाली गेला, की पीळ बसतो.

साध्या उडीत माणूस पाय मारून, वरच्या पट्ट्या फाकवून पीळ सोडवतो. विंगसूटमध्ये हात आणि पाय कापडात अडकलेले असतात, आणि चेन उघडेपर्यंत पाय मारताही येत नाहीत. कॅनॉपी चपळ जातीची असेल तर पीळ बसताच एका बाजूला झुकते आणि खाली डोकं करून गोल फिरायला लागते. मग ती तोडून टाकून राखीव पॅराशूट काढण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून विंगसूटसाठी मुद्दाम शांत स्वभावाच्या, सात कप्प्यांच्या कॅनॉपी बनवल्या जातात. परफॉर्मन्स डिझाइन्सची होरायझन आणि स्क्विरलची एपिसीन ही त्यातली दोन नावं. त्यांना पीळ बसतच नाही असं नाही, पण बसला तरी त्या सहसा सरळ उडत राहतात आणि माणसाला वेळ देतात.

अमेरिकेच्या युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशननं विंगसूट घालण्याआधी किमान 200 उड्यांची अट घातली आहे, त्यामागचं एक कारण हेच. झोपाळा पिळलेला असताना हातांना विचार न करता काम करता यायला हवं.

डावी, उजवी, डावी, उजवी

आता पिशवीकडे या. घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे. एक कापडी थैली घ्या, आत उशीचा अभ्रा कोंबा. थैलीच्या दोन्ही कडांना तीन-तीन रबर बँड सेफ्टी पिननं अडकवा. तीनेक मीटर दोरीचं एक टोक थैलीला बांधा आणि बाकीची दोरी नागमोडी डावीकडून उजवीकडे नेत एकेका रबर बँडमध्ये खोचा. थैली टेबलावर ठेवा आणि दोरीचं मोकळं टोक ओढा. डावा रबर सुटला की थैली डावीकडे कलंडते, उजवा सुटला की उजवीकडे. दोरी संपेपर्यंत थैली मान हलवत राहते. एक रबर दुप्पट वेढा देऊन घट्ट करा आणि पुन्हा ओढा. आता ती गिरकीच घेते.

नेहमीच्या डी-बॅगमध्ये हेच घडतं. सरळ वर आणि जोरात ओढ असेल तर मान हलवण्यानं फारसं बिघडत नाही. तिरकी, मंद ओढ असेल आणि एक कोपरा आधीच अडलेला असेल, तर या हेलकाव्यांची गिरकी होते.

यावर तोडगा म्हणून आली ती सेमी-स्टोलेस पिशवी. दोऱ्या रबर बँडमध्ये अडकवणे म्हणजे स्टो करणे. सेमी-स्टोलेसमध्ये फक्त तोंड बंद ठेवणाऱ्या दोन अडकवण्या राहतात. बाकीच्या दोऱ्या पिशवीवरच्या एका चपट्या खिशात इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या सैल घडीत ठेवतात. मांजा चरखीवर न गुंडाळता हाताच्या अंगठ्यावर आणि करंगळीवर आठासारखा घेतात, तसंच. असा मांजा न अडता सुटतो, कारण त्यात पीळच भरलेला नसतो. खिसा बंद ठेवायला कुठे कापडी जीभ खोचतात, कुठे छोटी चुंबकं असतात. दोऱ्या निघताना पिशवीला झटके बसत नाहीत आणि पॅकिंगही लवकर होतं.

कल्पना काही आकाशातून पडलेली नाही. प्रत्येकाच्या पाठीवर असलेल्या राखीव पॅराशूटची पिशवी कितीतरी आधीपासून अशीच असते: दोऱ्या खिशात आणि तोंडावर इलॅस्टिकच्या दोन अडकवण्या. जीव वाचवायचा प्रसंग येतो तेव्हा जी रचना वापरतात, ती रोजच्या पॅराशूटला का नको, असा साधा सवाल होता.

पण फुकट काही नाही. खिसा नीट बंद झाला नाही, तर सगळ्या दोऱ्या एकदम भसकन बाहेर पडतात. दावं पुन्हा सैल. तोंडावरच्या अडकवण्या ढिल्या असतील तर दोऱ्या ताणण्याआधीच कापड निसटतं, आणि वर सांगितलेला हिसका बसतो. जुन्या पिशवीत सहा-आठ रबर बँडपैकी एखादा ढिला असला तर बाकीचे सांभाळून घेतात. इथे दोनच आहेत, त्यामुळे प्रत्येकावर भार जास्त.

आणि रबर बँड तरी कसला? साधा रबर तुटतो, ही त्याची खोट वाटते, पण तो गुण आहे. दोरीची गाठ रबरात अडकली, तर रबर तुटून दोरी मोकळी होते. न तुटणारे सिलिकॉनचे बँड वापरले, पॅकिंगला बरे, टिकाऊ, सगळं खरं. पण गाठ अडकलीच तर पिशवीचं तोंड बंदच राहू शकतं. डोक्यामागे दोऱ्यांच्या टोकाला बंद गाठोडं लोंबकळतंय, हे दृश्य कुणालाही नको. दोन-चार रुपयांच्या वस्तूत कंजुषी करणारे लोक लाखांची रिग, म्हणजे कंटेनर आणि पॅराशूटचा सगळा संच, कशी वापरतात, हे मला कधी उमगलेलं नाही.

मग कोणती घ्यायची?

माझं मत विचाराल तर विंगसूटसाठी सेमी-स्टोलेस बरी, पण पॅकिंग करणारा हात नेटका असेल तरच. घाईनं, गप्पा मारत पॅकिंग करणाऱ्याला जुनी रबर बँडवाली पिशवीच बरी, तिच्यात चुका पोटात घालायची जागा आहे.

पिशवीच्या आधी कंटेनरचे खालचे कोपरे बघा. जुन्या धर्तीच्या कंटेनरमध्ये ते बंद असतात, खोक्यासारखे, आणि तिरकी निघणारी पिशवी तिथेच अडते. विंगसूट लक्षात घेऊन बनवलेल्या कंटेनरमध्ये हे कोपरे ओढ लागताच खुलतात. कोपरे बंद असतील तर कितीही सुंदर पिशवी घातली तरी बादली काठाला घासणारच. उलट कोपरे खुले असतील तर साधी पिशवीही सरळ निघते. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर मी आधी इथे घालेन.

माप ही दुसरी गोष्ट. पिशवी मोठी आणि कॅनॉपी लहान असेल, तर मोठ्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखी ती आत हिंदकळते, घडी मोडते. पिशवी घट्ट असेल तर कापड बाहेर यायला कां-कूं करतं. कंटेनर बनवणारी कंपनी आपल्या कंटेनरला कोणत्या मापाची पिशवी चालते ते सांगते. ती पिशवी त्याच कंपनीची घ्यावी, किंवा तिच्या मंजुरीची. "मित्राच्या रिगमध्ये छान चालते" हे कारण पुरेसं नाही. मित्राची कॅनॉपी वेगळी, कोपरे वेगळे, आणि मित्राचा खांदाही वेगळा.

हे सगळं झालं की परवानाधारक रिगरकडे, म्हणजे पॅराशूटची तपासणी-दुरुस्ती करणाऱ्याकडे, जा. घरच्या शिलाई मशिनवर काही करायला जाऊ नका. आजच्या विंगसूटचा पाया घालणारा फ्रेंच माणूस, पात्रिक द गायार्दों, 13 एप्रिल 1998 रोजी हवाईमध्ये गेला. दगा त्याच्या पंखांनी दिला नाही. पाठीवरच्या पॅराशूटच्या कंटेनरमध्ये नुकत्याच केलेल्या एका बदलातली चूक त्याच्या जिवावर बेतली. जगात त्या वेळी विंगसूटमध्ये त्याच्यापेक्षा जाणकार कुणी नव्हतं.

नवी पिशवी आणली की पहिल्या काही उड्या विंगसूटशिवाय, साध्या कपड्यांत मारा. पायलट शूट, ब्रायडल, कॅनॉपी जुनीच ठेवा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर बिघडलं कशामुळे ते कळत नाही. मग विंगसूट घालून, नेहमीपेक्षा उंच उघडून बघा. पहिल्या विंगसूट उडीत नवशिक्यांना 5,500 फुटांवर, म्हणजे सुमारे 1,675 मीटरवर उघडायला सांगतात, तेवढी उंची असली की हात सावकाश चालवता येतात. मागून उडणाऱ्या जोडीदाराला हेल्मेटवरचा कॅमेरा तुमच्या पाठीवर रोखायला सांगा.

खाली आल्यावर ते चित्रीकरण एकेक चौकट थांबवत बघा. पाकळ्या उघडल्यावर पिशवीचा कोणता कोपरा आधी उठतो, ती कडेला घासते का, दोऱ्या सुटताना मान हलवते का, हे तिथे दिसतं. पिशवी सरळ मागे गेली, दोन्ही बाजूंच्या दोऱ्या सारख्या ताणल्या आणि तोंड सगळ्यात शेवटी उघडलं, तर झिजलेले रबर बँड बदला आणि पुढच्या विमानात नाव द्या.